नगरचं बंदर

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. जिथं तो त्यातल्या त्यात जवळ येतो तिथंही मध्ये कडा आहे. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावलं, की ठाणे जिल्ह्यातली खेडी दिसतात आणि त्यांच्याही पलीकडं एक धुरकट पट्टी. तोच समुद्र, असं बरोबरचं कुणी ना कुणी छातीठोकपणे सांगतं आणि त्या उंचीवर कुणी वाद घालत बसत नाही. कड्याच्या अलीकडं पडलेला पाऊस मात्र त्या पट्टीकडं ढुंकूनही बघत नाही. तो मुळेत उतरतो, मुळा नेवाशाजवळ प्रवरेला मिळते, प्रवरा टोक्याला गोदावरीला, आणि पुढं तेलंगण-आंध्र ओलांडून थेट बंगालचा उपसागर. आमचं पाणीसुद्धा जवळचा समुद्र सोडून लांबच्याला जाऊन मिळतं.

अशा जिल्ह्याचं एकेकाळी स्वतःचं बंदर होतं, हे शाळेत कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की 1490 मध्ये मलिक अहमदनं सीना नदीच्या काठी भिंगारजवळ शहर वसवलं, चांदबिबीनं किल्ला लढवला, आणि पुढं त्याच किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी मोठा ग्रंथ लिहिला. शहराचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, एस.टी.चा वाहक अजून ‘नगर, नगर’च ओरडतो, आणि या सगळ्यात चौल हे नाव कुठंच येत नाही. मलिक अहमदची निजामशाही 1636 पर्यंत टिकली. या जवळजवळ दीडशे वर्षांत नगरच्या तख्ताला जो काही समुद्र माहीत होता तो प्रामुख्यानं चौलचा. घोडे तिथून आले, परदेशी माणसं तिथून आली, कापड तिथून बाहेर गेलं. आपल्या गावाची वेस माहीत असावी आणि परसदार माहीत नसावं, तसं काहीसं झालं होतं. म्हणून हिवाळ्यातल्या एका शनिवार-रविवारला जोडून रजा टाकली आणि आम्ही दोघं नवरा-बायको गाडी काढून निघालो. पुणे, खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग, आणि मग रेवदंडा, जुन्या चौलचाच एक भाग. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. बैलांच्या तांड्यांना याच उतारावर किती दिवस लागत असतील याचा हिशेब बोरघाटातल्या कोंडीत बसून करायला भरपूर वेळ मिळतो.

रेवदंडा हे नाव आमच्याकडं तसं अनोळखी नाही. पण ते पोचलं बैठकीमुळं. नानासाहेब धर्माधिकाऱ्यांचं हे गाव. दासबोधाच्या निरूपणाला बसणारी माणसं आमच्याकडंही आहेत आणि त्यांच्या बोलण्यात रेवदंडा सहज येतं. उलट बाजूनंही तसंच. ज्यांच्या वाडीत आम्ही उतरलो त्या काकांनी गाडीची पाटी बघून पहिला प्रश्न केला, “शिर्डीचे का तुम्ही?” नगर म्हटलं की शिर्डी, नाहीतर शनिशिंगणापूर. पाचशे वर्षांपूर्वी नगर आणि रेवदंडा एकमेकांना घोड्यांमुळं आणि तोफांमुळं ओळखत होती. आता देवाधर्मामुळं ओळखतात. प्रगती म्हणायला हरकत नाही.

रेवदंड्यात शिरताना रस्ता तटाला भेदून आत जातो. अलिबाग-मुरूड रस्त्यावरची एस.टी. त्या जुन्या दरवाजातून अंग चोरून आत येते, समोरून टेम्पो आला की दोघांपैकी एकाला मागं सरावं लागतं, आणि मागं कोण सरणार यावर थोडी चर्चा होते. आत गेलं की वाटतं, आता किल्ला दिसेल. किल्ला दिसत नाही, कारण आपण त्याच्या पोटात असतो आणि पोटात गाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांना काळ्या दगडांचे गडगे, मध्येच एखादी कमान जिच्यावर वडाच्या मुळ्या उतरल्यात, कमानीला टेकून मोटारसायकल, कमानीच्या आत कुणाची तरी पाण्याची टाकी. एका जुन्या चर्चच्या भिंतींच्या आत सुपाऱ्या वाळत घातलेल्या होत्या. ‘घरगुती जेवण मिळेल’, ‘एसी रूम’, ‘मच्छी थाळी’, ‘शहाळी’ अशा पाट्या माडांना ठोकलेल्या. भिंती कुणी बांधल्या हे विचारलं तर “पोर्तुगीज” एवढं उत्तर कुणीही देतं आणि लगेच विचारतं, जेवायला किती माणसं आहात.

गावाच्या वर सगळ्यात उंच उभा आहे तो मनोरा. त्याला इथं सातखणी म्हणतात. फ्रान्सिस्कन पंथीयांच्या चर्चचा हा बुरूज. चर्च गेलं, सात मजल्यांतले वरचे पडले, चार राहिले, नाव सातचंच राहिलं. पायथ्याशी पोरं क्रिकेट खेळत होती आणि चेंडू आतल्या अंधारात गेला की ‘तू जा, तू जा’ चाललं होतं.

रविवारी सकाळी नाक्यावर उभं राहिलं की गाव किती भाषांत बोलतं ते ऐकू येतं. पुण्या-पिंपरीच्या गाड्या, नाशिकची एखादी, पनवेल-ठाण्याच्या मोटारसायकलींचे जथे. कोळणी पाट्या घेऊन बसलेल्या. कोळंबी, मांदेली, बांगडा, ओले बोंबील, आणि पापलेटकडं बघून भाव विचारणाऱ्याला आधी नीट न्याहाळलं जातं, मग भाव सांगितला जातो. शहाळंवाला कोयत्यानं तीन घावांत तोंड उघडतो. समुद्राकडं जाणाऱ्या गल्लीत भेळ, बर्फाचे गोळे, प्लास्टिकचे चेंडू. पुळण काळी आहे, आणि पांढरी वाळू बघायला आलेल्या मंडळींचा ती जरासा हिरमोड करते. मला ती आवडली. आमच्याकडची जमीनही काळीच.

वाडीवाल्या काकांना मी विचारलं, एवढी गर्दी रोज असते का? ते हसले. “शनिवार-रविवार खोल्या मिळायच्या नाहीत. मंगळवारी या. मी आणि कुत्रा.” नारळ-सुपारीवर घर चालत नाही, मजूर मिळत नाही, माडावर चढणारा तर शोधून सापडत नाही; घर चालतं ते घाटावरून येणाऱ्यांवर. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, वाडीला पाणी किती लागतं हे सांगावं तितक्या सहज सांगितलं. मला मात्र तिथं काहीतरी जुळलं. घाटावरच्या आम्हा लोकांची समजूत असते की समुद्रकाठचं गाव समुद्रावर जगतं. समुद्र फक्त दार आहे. दारातून आत येणाऱ्या मालाला वर घेणारं कुणी असेल तर दाराशी गर्दी होते, नाहीतर वाळू साचते. चौलचा सगळा इतिहास या एका गोष्टीचा आहे.

तो इतिहास लांबलचक आहे. टॉलेमीच्या भूगोलात, कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत, दहाव्या शतकात अल-मसूदीसारख्या अरब प्रवाशांच्या वर्णनांत वेगवेगळ्या उच्चारांनी हे गाव येतं. पण नगरच्या माणसाला त्यात रस वाटू लागतो तो अफनासी निकितिनपासून. रशियातल्या त्वेर शहराचा हा व्यापारी 1469 च्या सुमारास चौलला उतरला. वास्को द गामा येण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. बरोबर विकायला एक घोडा. आपण जिथं जावं तिथं लोक मागं मागं येतात, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल वाटतं, असं त्यानं लिहून ठेवलंय. इथली माणसं उघड्या अंगानं वावरतात याचं नवल त्याला वाटलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी हिशेब बरोबर झाला. पुढं तो पालीवरून घाट चढून जुन्नरला गेला आणि तिथल्या सुभेदारानं त्याचा घोडाच काढून घेतला; मुसलमान झालास तर परत देतो, म्हणाला. एका खुरासानी गृहस्थानं मध्यस्थी केली म्हणून घोडाही परत मिळाला आणि धर्मही राहिला. रेवदंड्यात आता त्याच्या नावाचा काळ्या दगडाचा स्तंभ आहे. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या चौथऱ्यावर कुणाचं तरी दप्तर ठेवलेलं होतं.

त्या एका घोड्यापायी सुभेदारानं एवढा जीव का टाकावा? दख्खनच्या हवेत चांगली घोडी पैदास होत नाहीत असा तेव्हाचा अनुभव होता, आणि घोडदळाशिवाय सुलतानाला सुलतान कुणी म्हणत नव्हतं. घोडे यायचे अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून, गलबतात उभे राहून, समुद्र लागून अर्धमेले झालेले. बहमनी, विजयनगर, नंतर निजामशाही, आदिलशाही, सगळ्यांचं लक्ष म्हणून या दारांवर. बुऱ्हाण निजामशहानं पोर्तुगीजांना आधी 1516 मध्ये वखार आणि मग 1521 मध्ये किल्ला बांधायची परवानगी दिली, त्या सौद्यातही घोडे होते. चौलमधून घोडे वर येऊ द्यायचे, ही त्याची अट. आता आपण म्हणतो, फिरंग्याला घरात घेतलं, दूरदृष्टी नव्हती. नगरच्या किल्ल्यात बसलेल्या माणसाच्या जागी बसून बघितलं तर तो सौदा तितका मूर्खपणाचा वाटत नाही. समुद्र त्याच्या हातात नव्हताच. 1508 मध्ये याच खाडीच्या तोंडावर इजिप्त आणि गुजरातच्या आरमारानं मिळून पोर्तुगीजांना हरवलं, व्हाइसरॉय अल्मेदाचा मुलगा लोरेन्सो इथंच मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवजवळ पोर्तुगीजांनी ते सगळं फेडून घेतलं. असं आरमार नगरला परवडणारं नव्हतं. मग दाराची किल्ली जबरदस्ताकडं देऊन आपला माल सुखरूप आत घेणं, हा व्यवहार झाला.

त्यातून एक मजेदार शहर तयार झालं. वरचं चौल निजामशहाचं, खालचं चौल म्हणजे आजचं रेवदंडा पोर्तुगीजांचं. इकडं मशिदी, हमाम, पेठा, रेशमी कापड विणणारे माग. तिकडं चर्च, मठ, वखारी, दोन-मजली घरं. मध्ये अंतर चालत जाण्याइतकं. लढाई नसेल तेव्हा या बाजूचा विणकर त्या बाजूला माल पोचवून संध्याकाळी घरी येत असेल, आणि लढाई असेल तेव्हाही बहुधा काहीतरी तजवीज असेलच. व्यापारी लोक तजवीज करतातच.

लढाया झाल्या. सगळ्यात मोठी 1570-71 ची. मुर्तजा निजामशहा, विजापूरचा अली आदिलशहा आणि कालिकतचा झामोरीन यांनी एकत्र येऊन पोर्तुगीजांना समुद्रात ढकलायचं ठरवलं. विजापूरनं गोव्याला वेढा घातला, नगरनं चौलला. तालिकोटच्या लढाईला पाच-सहा वर्षंच झाली होती, विजयनगर मोडल्याचा आत्मविश्वास अंगात होता. खालच्या चौलला तेव्हा धड तटही नव्हता. पोर्तुगीजांनी घरांनाच मोर्चे केले, रस्ते खंदकांनी अडवले आणि एकेका घरासाठी झुंजत राहिले. महिन्यामागून महिने गेले. गोव्याहून समुद्रमार्गे कुमक येत राहिली, कारण समुद्र अडवायला नगरकडं काही नव्हतं. शेवटी 1571 च्या जुलैत, भर पावसात, तह झाला आणि एवढं मोठं सैन्य घाट चढून परत गेलं.

का हरलो? फेरिश्ता हा इतिहासकार लहानपणी बापाबरोबर नगरला आलेला, तिथंच वाढलेला. तो सांगतो की निजामशाही सरदारांना पोर्तुगीजांनी नजराणे देऊन फोडलं होतं, आणि त्या नजराण्यांत मुख्य होती दारू. रात्री वेढ्यातून आत रसद जात होती आणि बाहेर पिंपं येत होती. हे वाचल्यावर मी बराच वेळ हसत होतो. निवडणुकीच्या आदल्या रात्री आपल्याकडं जे चालतं त्याला एवढी मोठी परंपरा आहे हे माहीत नव्हतं. पण फेरिश्त्याच्या गोष्टीत मला दुसरंही दिसतं. वेढा घालणारी माणसं आणि वेढ्यात अडकलेली माणसं एकमेकांची गिऱ्हाइकं होती. ज्याच्याकडून तुम्ही पन्नास वर्षं माल घेत आलात त्याला उपाशी मारणं सैनिकाला जमेल, बाजाराला जमत नाही.

वेढा उठल्यावर पोर्तुगीजांनी शहाणपणा करून शहराभोवती तट घातला. आज एस.टी. ज्या दरवाजातून घुसते तो तट म्हणजे नगरचा धाक आहे, दगडात बांधलेला. हे कळल्यावर परत एकदा दरवाजापाशी जाऊन उभा राहिलो. समोरून टेम्पो येतच होता.

दुपारी चौलला गेलो. रेवदंड्याहून अलिबागच्या वाटेवर पाच-दहा मिनिटांचा रस्ता. दोन्हीकडं वाड्या, आणि वाड्यांच्या सावलीत अशी शांतता की नाक्यावरची गर्दी कुठल्या तरी वेगळ्या तालुक्यातली वाटावी. तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी होती म्हणतात. तळी अजून बरीच आहेत, शेवाळानं हिरवीगार. झाडोऱ्यात हमामखाना आहे. आत पाय ठेवला आणि ओळख पटली. तोच चुना, तसेच घुमट, छतात उजेडासाठी ठेवलेली भोकं. नगरला फराहबागेच्या पडक्या महालात दुपारचा उजेड असाच उतरतो. नगरला पाणी लांबून खापरी नळांनी आणावं लागे. इथं हात घालावा तिथं पाणी. तरी हमाम मात्र सारखाच. माणसं आपल्या सवयी बरोबर घेऊन घाट उतरतात.

चौलच्या रामेश्वराच्या देवळासमोर मोठी पुष्करणी आहे आणि सभामंडपाच्या जमिनीत तीन कुंडं, फरशांनी झाकलेली: पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड. पाऊस ताणला, की गावकरी पर्जन्यकुंड उघडून पूजा करायचे. बायकोनं फरशीवर हात ठेवून विचारलं, “इथं आणि दुष्काळ?” हा प्रश्न तिनं गुरवांना विचारला नाही, मला विचारला, आणि त्यात थोडा राग होता. या किनाऱ्याला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडं पाचशे-साडेपाचशे पडला तर पोळ्याला बैल जास्त सजतात. 1972 च्या दुष्काळात तिच्या माहेरी पाथर्डीकडं तिची आई नालाबांधाच्या कामावर खडी फोडायला जात होती आणि सुकडीवर दिवस काढत होती. अशा घरातल्या बाईला नारळाच्या सावलीत पर्जन्यकुंड बघून काय वाटावं? पण दोन हजार मिलिमीटर पडत असला तरी भाताला पाऊस लावणीच्या पंधरवड्यात यावा लागतो. पाऊस कमी पडण्याचं दुःख ज्याच्या त्याच्या पिकावर ठरतं. हे मी तिला सांगितलं. तिनं फरशीवरून हात काढला आणि म्हणाली, “आपल्याकडं एक असं कुंड न्यायला पाहिजे.”

वरचं चौल 1636 नंतर विजापूरकरांकडं गेलं. तोपर्यंत कथा संपत आली होती. नगरचं तख्त बुडालं, वरच्या पेठांना माल उचलणारा धनी राहिला नाही, खाडी गाळानं भरत चालली, आणि उत्तरेला थोड्याच अंतरावर इंग्रजांच्या हाती एक बेट आलं. सतराव्या शतकातच त्यांनी चौलचे विणकर मुंबईत नेऊन बसवले. पोर्तुगीजांनी 1740 मध्ये तहानं चौल मराठ्यांना दिलं तेव्हा देण्यासारखं फारसं काही उरलंही नव्हतं. तोवर वाट बदलली होती. पुढं पारनेर-संगमनेरची माणसं पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, बाजारात गेली, ती त्याच बदललेल्या वाटेनं. आमच्या दृष्टीनं बंदर हललं, एवढंच. नगरचा माणूस समुद्राकडं जायचा थांबला नाही.

संध्याकाळच्या आधी पूल ओलांडून पलीकडं कोर्लईला गेलो. कुंडलिकेची खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं डोंगराची एक लांब सोंड पाण्यात घुसलीय, तिच्यावर किल्ला. दीपगृहाच्या बाजूनं पायऱ्या चढून वर गेलं की पडकं चर्च, पाण्याचं टाकं, गवतात आडव्या पडलेल्या तोफा आणि एकामागून एक दरवाजे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, खाडीपल्याड माडांतून वर आलेली सातखणी. इथून खालचं चौल तोफेच्या तोंडाशी येतं हे शेंबड्या पोरालाही कळावं, आणि ते दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहालाही कळलं. त्यानं या डोंगरावर मोर्चे बांधले, मोठी फौज ठेवली. 1594 च्या सप्टेंबरात पोर्तुगीज रात्रीचे चालून आले. दरवाजातच एक हत्ती मरून पडला आणि त्यामुळं दार लावता आलं नाही, असं पोर्तुगीज हकीकती सांगतात. मग कापाकापी. सरदार फरहादखान बायको-मुलीसह हाती लागला.

त्या मुलीनं मला किल्ल्यावर गाठलं. ती पुढं ख्रिस्ती होऊन पोर्तुगालला गेली, एवढी ओळ तिच्या वाट्याला येते. फरहादखान हबशी, म्हणजे त्या घराण्यानं एक समुद्र आधीच ओलांडलेला. नगरच्या दरबारात अशी माणसं पुष्कळ होती. मलिक अंबरसुद्धा गुलाम म्हणून समुद्रावरूनच आला आणि शेवटी राज्य चालवू लागला. पण ते येणारे. ही जाणारी. नगरच्या एका सरदाराची मुलगी कोर्लईच्या डोंगरावरून लिस्बनच्या वाटेला लागते तेव्हा तिच्या कानात कुठली भाषा असेल? दख्खनी? थोडी मराठी? पुढं तिथं कुणी विचारलं असेल, तुझं गाव कुठलं, तर तिनं काय सांगितलं असेल? चांदबिबीचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या जिल्ह्यात हिच्यासाठी एखादी गल्लीसुद्धा नाही. असावी असं मला वाटतं.

उलटी गोष्ट डोंगराच्या पायथ्याशी आहे. पोर्तुगीज निघून गेले, त्यांनी ख्रिस्ती केलेली इथली माणसं राहिली, आणि त्यांच्या घरांत त्या भाषेचा एक धागा राहिला. कोर्लईची ख्रिस्ती वस्ती अजून घरात पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलते. बोलणारे आता हजाराच्या आतले. शब्द तिकडचे, वाक्याची चाल पुष्कळशी मराठीच्या वळणाची. माउंट कार्मेलच्या चर्चजवळ दोन बाया नळावर बोलत होत्या. काहीच कळलं नाही, पण भांडण पाण्याच्या पाळीवरून आहे हे नगरच्या माणसाला कळायला भाषा लागत नाही.

कोळीवाडा त्याच्या पुढं. होड्या लागल्या होत्या, जाळी उपसणं चाललं होतं, आणि किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगलेले, हजारोंनी, वाऱ्यावर सगळे एका दिशेला झुकलेले. खाली जाळ्यावर जवळा पसरलेला, त्याच्यावर कावळे हाकणारी एक पोरगी. वास यायला लागला आणि मला एकदम आमच्या आठवडे बाजाराची ती कडेची जागा आठवली. कांदा-बटाट्याच्या रांगा संपल्या की वाऱ्याच्या उलट अंगाला सुकट-बोंबीलवाल्या बायका बसायच्या. आजी गोणपाटावरचा एक बोंबील उचलून मोडून बघायची. कडकन मोडला तर घ्यायचा, लवला तर परत टाकायचा. घरी सुकट कोरड्या तव्यावर भाजायची, हातानं चुरून सुपात पाखडायची, मग कांदा, लसूण, तिखट, मीठ आणि बाजरीची भाकरी. शेजारच्या माळकऱ्यांचं दार तेवढ्यापुरतं लागायचं. ताटात समुद्राचं मीठ, समुद्राची सुकट, आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून हिंदुस्थानात आलेली मिरची. चौलचं अर्धं बंदर आमच्या चुलीवर होतं, आणि समुद्र बघितलेलं माणूस घरात एकही नव्हतं.

मांडवाखाली एक वयस्क कोळीण शेकड्यांच्या जुड्या बांधत बसली होती. बायकोनं भाव विचारला.

“कंच्या गावच्या?”

“नगरच्या.”

“घाटावरच्या.” तिनं मान हलवली, जसं काही खात्यावर नाव सापडलं. “तुमच्याकडंच जातो आमचा माल. ओला पनवेल-मुंबईला, सुका वर.”

“वर म्हणजे कुठं?”

“व्यापारी येतो, गाडी भरतो. पुण्याला जातो, पुढं कुठं कुठं. घाटावरच्यांना सुका आवडतो. इथले लोक पावसापुरता ठेवतात, तुम्ही बारा महिने खाता.”

बायकोनं भाव अर्ध्यावर आणला, तिनं तो परत पाऊण केला, आणि दोघींचं बोलणं भावावरून साठवणीवर गेलं. डब्यात कडुलिंबाचा पाला घालावा की नाही. मिरगाच्या आधी एकदा ऊन द्यावं की नाही. जून-जुलै दोन महिने मासेमारी बंद, होड्या वर काढलेल्या, तेव्हा ताज्याचं नाव काढायचं नाही. पुण्याच्या लोकांना साठवता येत नाही, ते फ्रीजमध्ये ठेवतात आणि मग सगळ्या फ्रीजला वास लागला म्हणून फोन करतात, असं सांगून ती एवढी हसली की मांडवापलीकडून सुनेनं डोकावून बघितलं. दोन शेकडे बोंबील, किलोभर जवळा. आधी वर्तमानपत्र, मग प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर दुसरी, तिला सुतळी.

“टपावर बांधा,” ती मला म्हणाली. “आत नका ठेवू, दादा.”

टपावर काही बांधायची सोय नव्हती. पिशवी डिकीत गेली, डिकीतून वास पुढं आला, आणि वडखळपर्यंत आम्ही सगळ्या काचा उघड्या ठेवून थंडीत कुडकुडत गेलो. पेणला चहासाठी थांबलो. चहावाल्या पोरानं कप खाली ठेवला, एकदा गाडीकडं बघितलं आणि विचारलं, “बोंबील ना? शेकडा कसा लागला?”

बायकोनं सांगितला.

“लुटलं तुम्हाला,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या टेबलाकडं गेला.